यादीआडचा राखणदार

इकडंतिकडं शोधू नका, मी दिसणार नाही. मोबाईलवर तुमच्यासमोर यादी उघडते ना, तिच्या आड मी बसलेला असतो. कुणाला काय दाखवायचं आणि कुणापासून काय झाकायचं, एवढं माझं काम. मला फिल्टर म्हणतात. वय विचाराल तर अजून वर्षही पुरं व्हायचंय. पण तेवढ्यात मी एकदा पुसला जाता जाता वाचलोय, आणि ज्यांच्यामुळे वाचलो त्या बायकांबद्दल मला बोलायचंय.

माझा मुक्काम जालन्यात, ‘मायसावली’ नावाच्या एका लहानशा संस्थेच्या संगणकात. ही संस्था जिल्ह्यातल्या चाळीस गावांत गरोदर बायांची काळजी घेते. प्रत्येक गावात संस्थेची एक आरोग्यताई आहे. ताई घरोघर जाते, वजन करते, रक्त तपासते आणि सगळं मोबाईलमध्ये भरते. भरलेलं जालन्यात एका डॅशबोर्डवर जमा होतं. नाव, गाव, कितवा महिना, अंगात रक्त किती, आधीची बाळंतपणं कशी झाली. जिच्या जिवाला धोका, तिचं नाव लाल अक्षरात.

हा डॅशबोर्ड सांभाळते संध्या. ती शहागडची. तिचे वडील कडूबा यांचं हायवेवर ट्रकच्या टायरांचं पंक्चर काढायचं दुकान आहे. संध्या म्हणते, माझ्या बापाला बाहेरून धड दिसणाऱ्या टायरातलं भोक पाण्याच्या टबात बरोबर सापडतं, मला माहितीतलं सापडतं. सव्वीस वर्षांची आहे, चष्मा लावते, आणि विचार करायला लागली की पेनाचं टोपण चावते. तिची सगळी टोपणं चावलेली आहेत.

मी नव्हतो तेव्हा डॅशबोर्ड सगळ्यांना सगळा दिसायचा. चाळीस ताया, चाळीस गावं, आणि कुणीही कुणाचंही नाव बघावं. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. सगळ्या आपल्याच ताया की!

मग मोनिकाची गोष्ट घडली. मोनिका राजूरची सून. तिचं दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं आणि राजूरच्या आरोग्यताईला, बेबीनंदाताईला सांगितलं. तिसरं माणूस नाही. पाचवा महिना लागू दे, मग सासूला सांगू, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण तिकडं अंबड तालुक्यातल्या एका गावात कांताबाई नावाच्या ताईनं सहज बोट फिरवता फिरवता राजूरची यादी उघडली. मोनिकाची सासू कांताबाईच्या लांबच्या नात्यातली. पुढच्याच आठवड्यात एका साखरपुड्यात भेट झाली आणि कांताबाईनं भर मांडवात विचारलं, “काय मंग इहीणबाई, पेढे कधी?” तिच्या मनात पाप नव्हतं. आनंदानं बोलली बिचारी.

चार दिवसांनी मोनिका एसटीनं जालन्याला आली आणि संध्यासमोर येऊन बसली. भांडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “ताई, आत्याबाईला मीच सांगणार होते. माझ्या तोंडानं. दोन वेळा वाईट खबर मीच सांगितली ना, तर ही चांगली पन मलाच सांगायची होती.”

“चुकलं आमचं,” एवढंच संध्या म्हणाली. मोनिकाला चहा पाजला, बसस्टँडपर्यंत सोडायला गेली, आणि परत येऊन खुर्चीत बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. त्या दिवशी मी जन्मलो.

मी म्हणजे काय होतो? एका ओळीचा नियम. यादी उघडणाऱ्या ताईचं गाव आणि बाईचं गाव एकच असेल तर बाई दाखव, नाहीतर झाक. संध्यानं ती ओळ तीनदा वाचली आणि मला कामाला लावलं.

पहिल्याच सकाळी गोंधळ. बेबीनंदाताईची सवय अशी की सकाळचा चहा झाला की ती यादी उघडून शाळेतल्या हजेरीसारखी नावं मोठ्यानं वाचते. त्या दिवशी वाचली आणि ताबडतोब फोन लावला.

“जयभीम संध्या. माझ्या बाया कमी झाल्या!”

“जयभीम ताई. कमी कशा होतील?”

“कशा ते मी काय सांगू? काल एकतीस होत्या, आज एकोणीस हायेत. माझ्या बारा बाया कुठं गेल्या?”

त्या बारा माझ्यापाशीच होत्या. कुणी ‘राजूर’ लिहिताना जू दीर्घ लिहिलेला, कुणी ऱ्हस्व. एका ठिकाणी तर नाव बरोबर होतं, पण त्याच्या पुढं एक रिकामी जागा सुटलेली, डोळ्याला न दिसणारी. मला काय कळतं? नियमात लिहिलेलं अक्षर जुळलं नाही, मी झाकलं. संध्या हसली, मग कपाळावर हात मारला, आणि दोन दिवस बसून चाळीसही गावांना एकेक क्रमांक दिला. तेव्हापासून मी गावाचं नाव बघत नाही, क्रमांक बघतो. बेबीनंदाताईनं तिसऱ्या दिवशी एकतीस नावं वाचली आणि फोनवर म्हणाली, “आता बराबर.”

संस्थेचे प्रमुख सर्जेराव सर. मनानं निर्मळ, पण सगळं कागदावर छापून बघायची खोड. त्यांना मी नावं दाखवेना, नुसते आकडे दाखवू लागलो. ते संध्याच्या टेबलाशी आले.

“अगं, संस्थेचा प्रमुख मी, अन् मलाच नावं दिसंनात?”

“सर, तुम्हाला किती बायांना धोका आहे ते कळायला पाहिजे. त्या कोण आहेत ते त्यांच्या ताईला कळायला पाहिजे.”

सर “बरंय,” म्हणाले आणि आकड्यांची यादी छापायला घेऊन गेले.

असे माझे सुखाचे दिवस चालले होते. तायांच्या सवयी मला एकेक कळायला लागल्या. कुणी पंधरा दिवस भरत नाही आणि मग एका बैठकीत सगळं भरते. अंकुशनगरच्या आसराबाई यादी उघडायच्या आधी मोबाईल पदरानं पुसतात, आणि त्यांच्या खडबडीत अंगठ्याला पडदा जुमानत नाही म्हणून त्याच्याशी बोलतात, “दाव की रे बाबा, किती आढेवेढे घेतो.” बेबीनंदाताई संकष्टीला दुपारनंतरच यादी उघडते, कारण सकाळी गावातल्या गणपती मंदिराच्या गर्दीतून तिला घरोघर फिरताच येत नाही. या सगळ्यांवर माझा जीव जडला. आपण राखणदार आहोत, आपल्यामुळे कुणाची गोष्ट कुणाच्या मांडवात जात नाही, या विचारानं मला थोडा ताठाही आला होता. तो उतरायचा होता.

राजूरमध्ये वर्षाराणी नावाची एक बाई होती. तेवीस वर्षांची. तिचं सासर मूळचं मेंढपाळाचं, आता मेंढरं उरली नव्हती. नवरा करण आणि ती दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. पहिलं बाळंतपण अवघड गेलेलं, खूप रक्त गेलेलं, आणि लेकरू हाती लागलं नव्हतं. आता पुन्हा दिवस होते. बेबीनंदाताईनं रक्त तपासलं तेव्हा आकडा आला सहा पूर्णांक आठ. अकराच्या आसपास हवा तिथं सहा पूर्णांक आठ! तिचं नाव लाल झालं. “दोन दिवसांत भोकरदनच्या दवाखान्यात जाऊ, मी संग येते,” असं बेबीनंदाताईनं तिला सांगितलं. दोन दिवसांनी ताई गेली तर दाराला कुलूप. ऊसतोड्यांच्या टोळीची गाडी आदल्या दिवशीच निघून गेली होती. बेबीनंदाताई रोज सकाळी ते लाल नाव वाचायची आणि करणला फोन लावायची. फोन बंद.

टोळी उतरली होती अंकुशनगरला, कारखान्याच्या तळावर. तिथं उसाच्या वाळल्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या घालून ही माणसं राहतात. आणि तो तळ आसराबाईंच्या भागात येतो.

पुढचं मला आसराबाईंच्याच तोंडून कळलं. त्या तळावर गेल्या तेव्हा वर्षाराणी चुलीपुढं बसली होती. सातवा महिना. आसराबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. पांढरी फटक.

“कितवं गं तुझं?”

“दुसरं, मावशी.”

“पहिलं कुठंय?”

वर्षाराणीनं शेजारच्या कोपीकडं बघितलं. तिथं दोन बाया भाकरी थापत होत्या. ती हळूच म्हणाली, “राजूरच्या ताईनं समदं लिव्हलंय. तुमच्या मोबाईलात आसंन की.”

“तुझं तपासणीचं कार्ड?”

“घाईघाईत घरीच इसरून आल्ते.”

आसराबाईंनी मोबाईल पदरानं पुसला. नाव टाकलं. ती हाक माझ्याकडं आली.

मी बघितलं. ताईचं गाव अंकुशनगर, बाईचं गाव राजूर. जुळत नाही. माझ्यापाशी सगळं होतं, लाल अक्षरातलं नाव, सहा पूर्णांक आठ, पहिल्या खेपेचा रक्तस्राव. मी झाकलं आणि पडद्यावर दोन शब्द उमटले, ‘नोंद नाही’.

हे दोन शब्द मला आजही बोचतात. नोंद होती. मी खोटं बोललो.

आसराबाईंना वाटलं, बाईला नीट ठाऊक नसेल, ताईनं काही भरलंच नसेल. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि परवाच्या तपासणीला दवाखान्यात ये, असं बजावून त्या पुढच्या कोपीकडं गेल्या. वर्षाराणी तपासणीला गेली नाही. टोळीतलं एक माणूस कमी झालं की बाकीच्यांवर भार पडतो, आणि तिला कुणाला भार व्हायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, ती उसाच्या फडात मोळी उचलताना कोसळली.

करण धावत आसराबाईंच्या दारात आला. “मावशी, जल्दी चला, तिला चक्कर आली, डोळे उघडून न्हाई राह्यली!” आसराबाई त्याच्या मागं पळाल्या. पळता पळता त्यांनी संध्याला फोन लावला.

“संध्याताई, राजूरची वर्षाराणी म्हणून हाये. लई वाईट हालत हाये. तिचं काही लिव्हलंय का तुमच्याकडं? मला तर ती दिसतच न्हाई!”

संध्यानं आपल्या संगणकावर नाव टाकलं. तिला मी काही झाकत नाही, घरची मालकीण ती. लाल ओळ तिच्यासमोर उघडली. ओठापर्यंत शब्द आले होते, पण ती थांबली. मला वाटतं तिला मोनिका आठवली असेल.

“मावशी, तिला शुद्ध आहे का?”

“आली हाये आत्ता. पाणी पाजलं.”

“फोन तिच्या कानाला लावा.” आणि मग अगदी सावकाश, “वर्षाराणी, मी बेबीताईच्या संस्थेतली संध्या बोलते. तुमच्या आधीच्या बाळंतपणाचं मी या मावशींना सांगू का? दुसऱ्या कुणाला नाही सांगणार.”

पलीकडून बारीक आवाज आला. “सांगा ताई. जल्दी सांगा.”

संध्यानं सगळं वाचून दाखवलं. आसराबाई गाडीत बसल्या तेव्हा त्यांना प्रत्येक आकडा पाठ होता. अंबडच्या दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना एका दमात सांगितलं, तिथून गाडी जालन्याला आली, आणि दुपारी दोनच्या आत वर्षाराणीच्या हातात रक्ताची पहिली पिशवी लागली होती. दुसरी संध्याकाळी लागली. आई वाचली, पोटातलं लेकरू वाचलं.

त्या दिवशी दिवसभर संध्यानं डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी सर्जेराव सर आले, ते उभ्याउभ्याच बोलले.

“काढून टाक तो फिल्टर. सगळ्यांना सगळं दिसू दे. चार दिवस आधी आसराबाईला नाव दिसलं असतं तर पोरगी फडात पडली नसती.”

“हो सर.”

“तुझी चूक आहे असं नाही म्हणत मी.”

“माझीच आहे, सर.”

सर गेले. संध्यानं मला उघडलं. माझ्या उजव्या हाताला एक बटण आहे, ‘काढून टाका’. तिनं माऊसचा बाण तिथं नेला आणि दाबलं. पडद्यानं विचारलं, ‘नक्की?’ मी वाट बघत होतो. खरं सांगतो, त्या घडीला मला स्वतःची कीव आली नाही. मी केलं होतंच तसं. पण मोनिकाच्या बोटाला गुंडाळलेला तो पदर मला दिसत होता, आणि माझ्या जागी आता कुणीच नसणार, एवढंच वाटत होतं.

संध्यानं ना हो दाबलं, ना नाही. ती उठली, डबा घेतला आणि बाहेर पडली.

ती दवाखान्यात गेली होती. तिथं काय झालं ते तिनं नंतर फोनवर बेबीनंदाताईला सांगितलं, माझ्यासमोरच बसून, म्हणून मला ठाऊक. वर्षाराणी उशाला टेकून बसली होती. करण औषधं आणायला गेला होता. आसराबाई शेजारी बसून मोसंबी सोलत होत्या. संध्यानं डबा पुढं केला आणि म्हणाली, “वर्षाराणी, तुमचं नाव मावशींना दिसलं नाही, कारण मी तसं करून ठेवलं होतं. चूक माझी आहे.”

“तुमची कशाची, ताई? कार्ड मीच इसरले.”

“नाही. ऐका.” आणि संध्यानं तिला मी म्हणजे काय ते समजावलं. मला कुणी इतक्या सोप्या भाषेत कधी सांगितलं नव्हतं. “तुमच्या घराला दार असतं ना, तसं तुमच्या माहितीला मी दार लावलं. पण मावशी आल्या तेव्हा ते उघडायला पाहिजे होतं, ते उघडलं नाही. आता सर म्हणतात, दारच काढून टाक.”

आसराबाई म्हणाल्या, “काढाच. बिलकुल काढा. कशाला पायजे दार? माणूस मरंल त्या दारापायी.”

वर्षाराणी मात्र मोसंबीची एक फोड हातात तशीच धरून म्हणाली, “मावशी, माझं पहिलं लेकरू गेल्तं, हे तळावर कुणाला म्हाईत न्हाई. मी सांगितलंच न्हाई. कळलं तर बाया माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघतील. हातात हात घालून काम करून राह्यल्या, तेवढं बरंय मला.”

आसराबाईंचा हात थांबला. आता त्यांना कळलं, त्या दिवशी पोरीनं शेजारच्या कोपीकडं का बघितलं होतं.

“मग कुणाला दिसावं, असं वाटतं तुम्हाला?” संध्यानं विचारलं.

“मी जिथं आसंन तिथल्या ताईला दिसावं. बस.”

“आन् बेबीनंदाला?” आसराबाईंनी विचारलं.

“त्यांना तं दिसायलाच पायजे. त्या माझ्या गावच्या हायेत.”

संध्यानं पिशवीतून वही काढली आणि वर्षाराणी बोलली तसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या दुपारी ती परत आली तेव्हा पडदा अजून ‘नक्की?’ विचारत होता. तिनं नाही दाबलं. मग टोपण चावत माझ्या नियमात एक शब्द घातला, ‘किंवा’. ताईचं गाव आणि बाईचं गाव एक असेल, किंवा ताईचं गाव आणि बाईचा सध्याचा मुक्काम एक असेल, तर दाखव. तायांच्या मोबाईलमध्ये ‘सध्याचा मुक्काम’ म्हणून एक चौकट आली. आणि ‘नोंद नाही’ हे शब्द तिनं काढून टाकले. आता मी झाकतो तेव्हा पडदा म्हणतो, ‘तुमच्या यादीत नाही. दुसऱ्या गावात नोंद असू शकते. बाईला विचारून संध्याला फोन करा.’ खाली तिचा नंबर.

सर्जेराव सरांना तिनं वहीतली वर्षाराणीची वाक्यं वाचून दाखवली. सरांनी चष्मा काढून पुसला. “हे बाईला विचारायचं आपल्याला आधी सुचायला पाहिजे होतं,” म्हणाले. त्यांनी तो नियम कागदावर छापून घेतला.

फेब्रुवारीत वर्षाराणीला मुलगी झाली. अडीच किलोची. बातमी आधी मला कळली, कारण आसराबाईंनी दवाखान्यातूनच नोंद भरली, आणि त्याच क्षणी मी ती दोन मोबाईलवर दाखवली, अंकुशनगरला आणि राजूरला. बेबीनंदाताई त्या वेळी कुणाच्या तरी ओट्यावर बसून वजन करत होती. तिनं आसराबाईंना फोन लावला. या दोघी एकमेकींना तोवर कधी भेटल्या नव्हत्या.

“नाक कुणावर गेलंय?” बेबीनंदाताईनं विचारलं.

“आईवर. पन रडती बापासारखी,” आसराबाई म्हणाल्या.

आता मार्च संपत आलाय. कारखान्याचा पट्टा पडलाय, म्हणजे उसाचा हंगाम संपलाय, आणि टोळ्या घराकडं निघाल्यात. हे दिवस मी पहिल्यांदाच बघतोय. एकेक गाव पोचतं, तिथली ताई ‘सध्याचा मुक्काम’ बदलते, आणि आसराबाईंच्या यादीतलं एक नाव उतरतं. आधी भोकरदनकडची उतरली, मग परतूरची. काल वर्षाराणीचं आणि तिच्या लेकीचं उतरलं. मी दोघींना राजूरच्या यादीत नेऊन बसवलं.

पुढच्या महिन्यात संस्था दुसरं, मोठं सॉफ्टवेअर घेणार आहे. मला तिकडं जाता येणार नाही, तिथं नवा फिल्टर लिहावा लागेल. संध्यानं त्यासाठी मराठीत पानभर टिपण तयार केलंय. वाईट वाटत नाही असं कसं म्हणू? पण माझं एक मागणं आहे, आणि ते फार मोठं नाही. जो कुणी माझ्या जागी येईल, त्याला लिहिणाऱ्यानं आधी त्या बायांजवळ जाऊन बसावं. त्यांना नियम ठाऊक असतो. आणि झाकाल तेव्हा झाकलंय असं सांगा. काहीच नाही, असं सांगू नका.

आज सकाळी आसराबाईंनी मोबाईल पदरानं पुसला आणि तळाची यादी उघडली. मी बघितलं, दाखवायला माझ्यापाशी एकही नाव नव्हतं. कोरा पडदा त्यांच्यापुढं ठेवताना मला धाकधूक झाली, आता या बोलणार. त्या बऱ्याच वेळ बघत राहिल्या. मग मोबाईल मांडीवर ठेवून आतल्या कुणाला तरी म्हणाल्या, “पोचल्या गं समद्या.”